फिल्टर साफ करूनही दर जुलैला पार्किंगमध्ये पाणी? रेन हार्वेस्टिंग नेमकं कुठे अडतंय ते असं शोधा

गच्चीवरचं पावसाचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून बोअरमध्ये सोडायचं, हे रेन हार्वेस्टिंग. त्याची तक्रार ठरलेली असते. जून कसाबसा निघतो, कारण तेव्हा वाळू नुकतीच धुतलेली असते आणि बोअर रिकामी असते. जुलैत एक दणदणीत सर येते, फिल्टरच्या चेंबरचं झाकण उचललं जातं आणि गढूळ पाणी पार्किंगभर पसरतं. कुणाच्या तरी गाडीखाली पाणी गेलं की फोनाफोनी सुरू. वॉचमन येऊन बायपासचा व्हॉल्व्ह फिरवतो, गच्चीवरचं सगळं पाणी गटाराला लागतं, सोसायटी शांत. तो व्हॉल्व्ह मग दिवाळीपर्यंत तसाच राहतो. पुढच्या मे महिन्यात कमिटी फिल्टर साफ करून घेते, वाळू बदलते, बिल मंजूर होतं आणि जुलैत पुन्हा तेच.

पुण्याच्या कडेने 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं महापालिकेत आली. तिथल्या नव्या इमारतींमध्ये हे दृश्य फार. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बांधकाम करायचं तर राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे पावसाचं पाणी जिरवायची किंवा साठवायची सोय करावी लागते, म्हणून बिल्डर ती करतो. पाइप असतात, फिल्टर असतो, भिंतीवर पाटीही असते. आणि मार्च लागला की त्याच गेटमधून टँकर आत येतात.

वाळू बदलून हे सुटत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी दोष एकाच गोष्टीत असतो: हिशेब वर्षाच्या पावसाचा केलेला असतो आणि यंत्रणा तुंबते ती तासाच्या पावसाला. त्यामुळे आधी तासाचा हिशेब मांडू, मग एकेक जागा तपासू.

वर्षाचे लिटर विसरा, मिनिटाचे मोजा

1 चौरस मीटर गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. समजा गच्ची 300 चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण सव्वातीन हजार चौरस फूट. पुणे शहरात वर्षाला ढोबळमानाने 700 मिलिमीटर पाऊस धरा (पाषाण-बावधनकडे जास्त, हडपसर-वाघोलीकडे कमी). त्यातलं 15 टक्के उडून जाणं, भिजणं, शिंतोडे यात गेलं असं धरलं तर वर्षाला पावणेदोन लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. 10 हजार लिटरचे सतरा-अठरा टँकर. सोसायटीच्या सभेत हाच आकडा सांगितला जातो, सगळे माना डोलावतात आणि काम मंजूर होतं.

आता दुसरा आकडा बघा. ताशी 40 मिलिमीटरच्या जोराने सर आली, तर त्याच गच्चीवरून तासाला 10,200 लिटर, म्हणजे मिनिटाला 170 लिटर पाणी खाली येतं. अशी सर अर्धा तासच टिकते, पण त्या अर्ध्या तासात मिनिटाला 170 लिटर पाणी पाइपमधून, फिल्टरमधून आणि बोअरमधून पार व्हायला हवं. यातली एक जागा जरी मिनिटाला 60 लिटरच घेत असेल, तर उरलेलं 110 लिटर कुठूनतरी बाहेर पडणारच. ते पार्किंगमध्ये पडतं.

तुमच्या गच्चीचं क्षेत्रफळ टाकून हा आकडा काढा आणि लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच आकड्याशी ताडून बघायचं आहे.

अडतंय कुठे? पाऊस पडत असताना झाकण उघडा

यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही. छत्री घ्या, एकाला गच्चीवर पाठवा, दुसऱ्याने फिल्टरपाशी उभं राहायचं.

गच्चीवर पाणी तुंबलंय आणि खाली फिल्टरमध्ये मात्र धार बारीक आहे: दोष जाळीत किंवा पाइपात.

फिल्टरच्या वर पाणी काठोकाठ, पण फिल्टरनंतरच्या चेंबरमध्ये तळाशी जेमतेम वाहतंय: फिल्टर चोंदलाय.

फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीला चढलंय: फिल्टर निर्दोष आहे, बोअर पाणी घेत नाहीये. अशा वेळी वाळू बदलणं म्हणजे पैसे घालवणं.

फिल्टरनंतर बघायला चेंबरच नसेल, पाइप थेट जमिनीत गेलेला असेल, तर पहिलं काम तेच. फिल्टर आणि बोअर यांच्या मध्ये एक उघडता येणारं चेंबर बांधून घ्या. त्याशिवाय तुम्ही दरवर्षी अंदाजाने खर्च करत राहाल.

गच्ची आणि पाइप

इथे फार वेळ घालवत नाही, कारण दोष सापडला की दुरुस्ती सोपी असते. उभ्या पाइपांचा एक उपयोगी ठोकताळा आहे. 100 मिलिमीटरचा, म्हणजे 4 इंची पाइप ताशी 50 मिलिमीटर पावसाला साधारण 85 चौरस मीटर गच्चीला पुरतो. ताशी 100 मिलिमीटरला तोच पाइप जेमतेम 43 चौरस मीटरला पुरतो. म्हणजे 300 चौरस मीटरला चार पाइप हवेतच. असतातही. गडबड खाली होते: चारही डाउनटेक, म्हणजे गच्चीवरून खाली येणारे उभे पाइप, एकाच 4 इंची आडव्या पाइपला जोडलेले असतात. ढाळ चांगला असेल तर तो पाइप मिनिटाला 170 लिटर सहज नेतो. पण पेव्हर ब्लॉकखाली ढाळ मेलेला असतो, एल्बोच्या पोटात गाळ बसलेला असतो, आणि दोन विंगचं पाणी एकाच लाइनीत घातलेलं असतं. नवी लाइन टाकायची वेळ आलीच तर 6 इंची टाका. खोदाईचा आणि पेव्हर पुन्हा बसवायचा खर्च तोच राहतो, पाइपापुरता थोडा वाढतो.

गच्चीवरच्या जाळ्यांबद्दल एवढंच: सपाट जाळी नको, घुमटासारखी उठलेली घ्या. सोनमोहर किंवा गुलमोहर जवळ असेल तर त्याच्या पाकळ्या सपाट जाळीवर पापुद्र्यासारख्या चिकटतात आणि पाणी थांबतं. पत्र्याची शेड असेल तर पन्हळीत कबुतरांनी काय केलंय ते मेमध्ये शिडी लावून बघाच. आणि गच्चीला नुकतं वॉटरप्रूफिंग केलं असेल तर त्या वर्षी सुरुवातीचे काही पाऊस बाहेर जाऊ द्या. कोटिंगचे बारीक पापुद्रे थेट वाळूत जाऊन बसतात.

पहिलं पाणी सोडण्याची सोय नावापुरती असते

पहिला पाऊस गच्ची धुतो. आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण, शेजारच्या साइटवरचं सिमेंट, सगळं त्या पाण्यात उतरतं. ते फिल्टरमध्ये जाऊ नये म्हणून डाउनटेकला खाली टी लावून एक पाइपाचा तुकडा आणि त्याला एंडकॅप बसवलेली असते. पहिलं पाणी त्या तुकड्यात भरतं, मग पुढचं फिल्टरकडे वळतं. कल्पना बरोबर आहे. पण त्या तुकड्याचं माप काढून बघा.

4 इंची पाइपाच्या 1 मीटर लांबीत सुमारे 8 लिटर पाणी मावतं. आपल्याकडे तो तुकडा असतो दोन फुटांचा, म्हणजे 5 लिटरचा. 300 चौरस मीटर गच्चीवरचं फक्त पहिलं 1 मिलिमीटर पाणी वेगळं काढायचं म्हटलं तरी ते 300 लिटर होतं. चार डाउनटेक असतील तर प्रत्येकाला 75 लिटर. तिथे 5 लिटरचा तुकडा लावून त्याला फर्स्ट फ्लश म्हणायचं आणि कोटेशनमध्ये वेगळी ओळ धरायची!

जागा असेल तर प्रत्येक डाउनटेकच्या पायथ्याशी 100 लिटरचा झाकणाचा ड्रम बसवा आणि त्याच्या तळाला तीन-चार मिलिमीटरचं भोक ठेवा. पाऊस थांबला की ड्रम आपोआप रिकामा होतो, पुढच्या पावसाला तयार. ते भोकही तुंबतं, तेव्हा महिन्यातून एकदा तार घाला. ड्रमला जागा नसेल तर सरळ माणसाच्या हातून करा: जूनमधले पहिले दोन चांगले पाऊस बायपासने बाहेर सोडायचे, मग व्हॉल्व्ह बंद. मध्ये दहा-पंधरा दिवस उघडीप पडली तर पुन्हा एक पाऊस बाहेर.

फिल्टर: वाळू उपसायच्या आधी वरचा थर बघा

आता मुख्य संशयित. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी फिल्टरचं झाकण काढा आणि थापीने एका कोपऱ्यात वाळू सहा इंच खोल उकरा. वरच्या दोन बोटांत राखाडी-काळा, चिकट, सायीसारखा थर दिसेल. थापीवर घेतला तर अखंड उचलला जातो, पिळला तर हाताला बुळबुळीत लागतो. त्यात कबुतराचं पीस, शेवाळ, वॉटरप्रूफिंगचा एखादा पापुद्रा. त्याच्याखाली चार बोटांवर गेलात की वाळू जवळजवळ भरली तशीच असते. दाणे सुटे, रंग स्वच्छ.

पाणी अडवतो तो फक्त वरचा थर. तो खरवडून काढला, वर तेवढीच धुतलेली वाळू घातली की काम झालं. एका माणसाचा तासाभराचा उद्योग. अख्खी वाळू, खडी, कोळसा उपसून नवं भरायचं कोटेशन कुणी दिलं तर त्याला हे उकरून दाखवा आणि मग भाव विचारा. मात्र खालपर्यंत सगळंच काळं आणि वास मारणारं निघालं, तर उपसावं लागेल.

उकरताना वाळूचा दाणा चिमटीत घेऊन बघा. नदीची वाळू सहज मिळत नाही म्हणून हल्ली सर्रास क्रश सँड भरतात. तिच्यात दगडाची भुकटी असते आणि न धुता भरली तर ही भुकटीच पहिल्या महिन्यात फिल्टर बंद करते. गच्चीवरचा कचरा यायच्याही आधी. जिरवण्याच्या फिल्टरला वाळू जाडी हवी, दीड ते दोन मिलिमीटर दाण्याची. तिच्याखाली 5 ते 10 मिलिमीटरची खडी आणि तळाला मोठे दगड. बांधकामाची प्लास्टरची वाळू इथे चालत नाही. कोळशाचा थर बोअरमध्ये पाणी सोडायला लागत नाही. तो कोटेशन भरगच्च दिसायला असतो.

पण समजा वाळू योग्य आहे, थर खरवडलाय, तरी पाणी वर चढतंय. मग फिल्टर लहान आहे. जलशुद्धीकरण केंद्रातला वेगवान वाळूचा फिल्टर दर चौरस मीटरला तासाला साधारण 5 हजार लिटर पाणी घेतो, आणि तो वेळोवेळी उलट्या पाण्याने धुतला जातो. आपल्या पार्किंगमधलं चेंबर 3 बाय 3 फुटांचं, म्हणजे चौरस मीटरही पूर्ण नाही. ते धुतलं जातं वर्षातून एकदा. अगदी नवं असताना ते तासाला 4 हजार लिटरच्या आसपास घेईल आणि सरीत येणार आहेत 10 हजार. ही वजाबाकी कुठल्याच साफसफाईने मिटत नाही.

यावर दोन उपाय. जागा असेल तर फिल्टरच्या आधी गाळ बसायला एक मोठं चेंबर काढा. त्यात मध्ये अर्धी भिंत ठेवा, म्हणजे पाणी वरून ओलांडून जाईल आणि गाळ अलीकडे खाली बसेल. नुसत्या या चेंबरने फिल्टरचं आयुष्य पुष्कळ वाढतं. जागा नसेल तर वाळूचा नाद सोडून जाळीचा तयार फिल्टर बसवा. तो घेताना 'किती चौरस फूट गच्चीला चालतो' हे विचारू नका, 'मिनिटाला किती लिटर घेतो' हे विचारा आणि तुमच्या आकड्याशी ताडा. जाळीतून बारीक माती जाते, हे खरं. म्हणून त्याच्या आधी गाळ बसायला लहानसं तरी चेंबर हवंच.

बोअर पाणी घेत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पहिला: 'एक बोअर कोरडी गेली होती, तिच्यातच सोडू पाणी, कामी येईल.' बोअर कोरडी का गेली? खाली अखंड काळा कातळ लागला, पाणी धरणारी भेग किंवा मांजऱ्या (सच्छिद्र) खडकाचा थर लागलाच नाही, म्हणून. ज्या खडकातून पाणी बाहेर येत नाही त्याच्यात पाणी आत तरी कसं जाणार? आपल्याकडचा बेसाल्ट असाच आहे, दोन प्लॉट सोडून नशीब बदलतं. कधी कोरडी बोअर वरच्या झिजलेल्या थरात थोडंफार घेते, पण ते गृहीत धरू नका, मोजा.

मोजायची पद्धत सोपी. 1000 लिटरची प्लास्टिकची टाकी भरून घ्या, स्वच्छ पाण्याने. बोअरच्या केसिंगमध्ये (वरच्या भागात बसवलेल्या पाइपात) ते पाणी सोडा आणि किती मिनिटांत जिरतं ते बघा. केसिंगच्या तोंडापर्यंत पाणी चढू न देता, धार कमी-जास्त करत सोडायचं. 1000 लिटरला 25 मिनिटं लागली, तर बोअर मिनिटाला 40 लिटर घेते. ही चाचणी मेमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, अशी दोनदा करा. मेमधल्या आकड्यावर खूश होऊ नका, तेव्हा खाली मोकळी जागा असते. ऑगस्टचा आकडा खरा.

ऑगस्टमध्ये बोअरमधलं पाणी जमिनीपासून दहा-बारा फुटांवरच उभं असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. खालचा खडक भरलाय. तुमच्या, शेजारच्या आणि टेकडीवरून मुरलेल्या पाण्याने. भरलेल्या जागी आणखी पाणी कोंबता येत नाही. अशा प्लॉटवर बोअर रिचार्जच्या मागे लागण्यापेक्षा टाकीत पाणी धरून वापरणं शहाणपणाचं. पावसाळ्यात फ्लशला, गाड्यांना, जिने धुवायला टाकीतलं पाणी वापरलं की तेवढं महापालिकेचं किंवा टँकरचं वाचतं, टाकी रोज रिकामी होते आणि पुढच्या सरीला जागा होते. बंगल्यांना तर मी आधी टाकीच सांगतो, बोअर नंतर.

मेमध्येही बोअर पाणी घेत नसेल, पण पूर्वी घेत होती, तर ती गाळाने भरलीय का बघा. दोरीला वजन बांधून सोडा. (आत मोटार असेल तर आधी ती वर काढावी लागेल.) बोअर मारली तेव्हाची खोली कमिटीच्या फायलीत 250 फूट लिहिलेली असेल आणि वजन 190 ला टेकलं, तर 60 फूट गाळ आहे, किंवा आत कुठेतरी दगड ढासळलाय. कॉम्प्रेसर लावून बोअर फ्लश करून घ्या. पाणी नितळ येईपर्यंत चालू ठेवायला सांगा, ठरलेले दोन तास झाले म्हणून बंद करू देऊ नका.

आणखी एक प्रकार बराच दिसतो. बोअरभोवती मोठा खड्डा घेतात, केसिंगला भोकं पाडतात, त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळतात आणि खड्डा खडी-वाळूने भरून टाकतात. पहिली दोन-तीन वर्षं झकास चालतं. मग ती जाळी चोंदते, आणि ती आहे आठ-दहा फूट खडीच्या खाली. साफ करायची तर सगळा खड्डा उपसा. नवं काम करत असाल तर हा प्रकार टाळा. फिल्टर बोअरपासून वेगळा ठेवा आणि तिथून पाइप केसिंगच्या वरच्या तोंडाने आत सोडा. जे हाताला लागत नाही ते साफ होत नाही.

व्हॉल्व्हची मूठ काढा, ओव्हरफ्लो द्या

आता मूळ तक्रारीकडे. बोअर मिनिटाला 40 लिटर घेते, सर 170 देते. फिल्टर कितीही मोठा केला तरी 130 लिटर उरतातच. मध्ये 5 हजार लिटरची टाकी घातली, तर ती अडतीस-एकोणचाळीस मिनिटांत भरेल. पुण्यातली जोरदार सर बऱ्याचदा तेवढ्यात ओसरते, मग टाकीतलं पाणी सावकाश बोअरमध्ये उतरत राहतं. म्हणून टाकी आधी, बोअर तिच्यानंतर, असा क्रम लावा.

टाकीला जागाच नाही? तरीही हरकत नाही, आणि हेच लोकांना पटवणं अवघड जातं. मिनिटाला 40 लिटर घेणारी बोअर ताशी 9 मिलिमीटरपर्यंतचा पाऊस या गच्चीवरून पूर्ण पिऊन टाकते. जुलै-ऑगस्टमधली पुण्याची रिपरिप बहुतांशी त्याच्या आतच असते. म्हणजे जोरदार सरीतलं जास्तीचं पाणी सोडून दिलं तरी हंगामातलं पुष्कळ पाणी जमिनीत जातं. अट एकच, यंत्रणा चालू राहिली पाहिजे. एका सरीतलं चार-पाच हजार लिटर जास्तीचं पाणी आवरेना म्हणून वॉचमनने व्हॉल्व्ह फिरवला की उरलेल्या हंगामातलं सगळं जातं.

म्हणून फिल्टरच्या चेंबरला, झाकणाच्या सहा इंच खाली, एक कायमचा ओव्हरफ्लो पाइप काढा आणि तो पावसाळी गटाराच्या चेंबरला जोडा. त्यावर हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह ठेवायचा नाही. पाणी त्या पातळीला चढलं की आपोआप बाहेर जाईल, उतरलं की पुन्हा बोअरकडे वळेल. रात्री दोन वाजता कुणाला उठवावं लागणार नाही. पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच, शक्य तर एक साइज मोठा. आणि त्याच्या तोंडाशी उलटं पाणी अडवणारी झडप बसवाच. ओढ्याकाठच्या सोसायट्यांनी 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काय झालं ते पाहिलंय. गटार तुंबून उलटं आलं तर ते घाण पाणी थेट तुमच्या बोअरमध्ये जाईल.

बायपासचा व्हॉल्व्ह पहिल्या पावसासाठी लागतोच, तो राहू द्या. फक्त त्याची मूठ काढून सेक्रेटरीकडे ठेवा.

एप्रिलमध्ये चेंबर ओलं आहे?

ही तपासणी पावसाचा थेंब नसताना करायची आणि ती सगळ्यात जास्त डोळे उघडते. भर उन्हाळ्यात फिल्टरचं झाकण काढा. आत खडखडीत कोरडं असायला हवं. ओल दिसली, साबणाचा वास आला, वाळूवर पांढरट फेसाचे डाग असले, तर कुणीतरी घरातलं सांडपाणी पावसाळी पाइपात सोडलंय. बहुतेक वेळा ती ड्राय बाल्कनी असते. वॉशिंग मशीन तिथे नेलं, नळी टाकायला जवळचा पाइप दिसला तो पावसाळी, प्लंबरने टी मारून दिली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा यात दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पण परिणाम वाईट. साबण वाळूचे दाणे एकमेकांना चिकटवतो, फिल्टर लवकर बंद होतो, आणि जे पार होतं ते तुम्ही ज्या बोअरचं पाणी आंघोळीला वापरता तिच्यात जातं. कुठल्या फ्लॅटमधून येतंय ते शोधायला रविवारी सकाळी एकेका मजल्यावर मशीनच्या नळीत खाण्याचा रंग घातलेलं बादलीभर पाणी ओता आणि खाली एक जण उभा करा. जोडणी बदलून होईपर्यंत तो डाउनटेक हार्वेस्टिंगपासून तोडून ठेवा. तीन पाइपांचं स्वच्छ पाणी चार पाइपांच्या साबणाच्या पाण्यापेक्षा बरं.

गढूळ पाणी आणि डास

पाऊस झाल्यावर बोअरचं पाणी लालसर येत असेल तर फिल्टरच्या कडा बघा. भिंत आणि वाळू यांच्यात फट पडली की पाणी तिथूनच सरळ खाली जातं, वाळूला शिवतही नाही. फिल्टरनंतरच्या चेंबरमधलं पाणी काचेच्या ग्लासात घ्या. तिथे नितळ आणि नळाला गढूळ असेल तर माती केसिंगच्या बाहेरून येतेय. केसिंग पक्क्या कातळापर्यंत गेलेली नसते, किंवा तिच्याभोवती वर सिमेंट भरलेलं नसतं. हे काम बोअरवाल्याचंच. ते होईपर्यंत रिचार्ज थांबवा आणि काहीही झालं तरी हे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका.

डासांचं कारण फिल्टरनंतर तळाशी साचून राहिलेलं पाणी. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. झाकणं घट्ट, हवेच्या पाइपाला बारीक जाळी, आणि चेंबरचा तळ बोअरकडच्या पाइपाच्या पातळीलाच संपवा. खाली खोलगट भाग ठेवू नका.

प्लंबरला बोलवायच्या आधी

पुणे महापालिका रेन हार्वेस्टिंग, सोलर किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के सवलत देते, पण प्रकल्प चालू असायला हवा. त्या सवलतीच्या रकमेत वर्षातून दोनदा वाळू खरवडणं आणि एकदा गाळ काढणं सहसा बसतं. तेव्हा पैसे नाहीत हे कारण सभेत फार टिकत नाही.

कोटेशन मागवताना एका कागदावर एवढं लिहून द्या: गच्ची किती चौरस मीटर, डाउनटेक किती आणि किती इंची, आडवी लाइन किती इंची, फिल्टरच्या तोंडाचं माप, बोअरची मूळ खोली आणि आज वजन कुठे टेकलं ते, 1000 लिटर जिरायला मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये लागलेली मिनिटं, एप्रिलमध्ये चेंबर कोरडं होतं की ओलं. हा कागद न वाचता जो 'वाळू बदलून देतो, एवढे होतील' म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.